खाऱ्या टाकीतील दांडगा मासा

मासा कसा धरावा, हे आमच्या वाचकांना सांगू जाणे म्हणजे थोडे धाडसच होय. अर्नाळा, उत्तन आणि सातपाटीकडील घरांतून ज्यांना डोल आणि पाग पाळण्यातच ऐकू आली, त्यांना आम्ही काय शिकवावे? परंतु मासा समुद्रात नसून घरातील तीन फूट लांबीच्या काचपेटीत आहे, तो डोळ्यांसमोर सदैव फिरत आहे, हात घातला तर कोपरापर्यंतच बुडेल इतकेच पाणी आहे, आणि तरीही तो मासा आठ-आठ दिवस हाती येत नाही, अशी स्थिती उद्भवली म्हणजे मोठमोठ्यांची मती कुंठित होते. सुरतेच्या डिंडोली भागातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर असा प्रसंग नुकताच आला. समुद्रमासे पाळण्याचा छंद आता आपल्या गावांतही शिरू लागल्यामुळे त्याची हकीकत सविस्तर द्यावी असे वाटले.

डिंडोली म्हणजे उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूची वस्ती. खानदेशातून मागांवर आणि कापडबाजारात पोट भरण्यास आलेली मराठी माणसे येथे व आसपास पुष्कळ आहेत. समुद्र म्हणाल तर डुमसचा किनारा येथून वीसेक किलोमीटर दूर. आणि तेथेही खंभातच्या आखाताच्या जबर भरती-ओहोटीने ढवळलेले मातकट पाणी, काचपेटीस निरुपयोगी. म्हणून या घरी खारे पाणी घरीच सिद्ध करतात. गाळलेल्या, क्षारहीन केलेल्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्री मीठ मिसळावयाचे आणि तरत्या मापकावर पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास आली की थांबावयाचे. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे द्रव्ये त्यात नसतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे साडेसहा किलोहून अधिक मीठ एका भरणीस लागते. हा हिशेब आम्ही मुद्दाम देत आहो. पुढे टाकी उपसण्याचा प्रश्न येतो, तेव्हा त्या पाण्याचे मोल वाचकांच्या ध्यानी असावे.

तीन वर्षांपूर्वी सुरत महानगरपालिकेचे पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय पाहून आल्यापासून या घरच्या मुलांनी हट्ट धरला होता. वडिलांनी टाकी करविली, आणि तीत पहिला मासा आला तो डोमिनो. काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके, आकाराने रुपयाएवढा. दुकानदाराने सांगितले की हा मासा स्वस्त आहे आणि चिवट आहे, नवख्यांस उत्तम. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी गोष्ट त्याने सांगितली नाही. डोमिनो हा डॅमसेल कुळातील मासा असून वाढत वाढत पाच इंचांपर्यंत जातो, आणि अंगाने वाढतो तसा स्वभावानेही वाढतो. जी कपार त्याने आपली मानली तिच्याभोवती दुसऱ्याची सावलीही त्याला खपत नाही. चित्रपटामुळे घरोघर ‘निमो’ म्हणून माहीत झालेला क्लाऊन मासा याच कुळातील, म्हणजे डोमिनोचा भाऊबंदच. निसर्गात डोमिनोची पिले आणि क्लाऊन एकाच समुद्रपुष्पाच्या आश्रयास राहतात. पण तेथे आजूबाजूला अवघा समुद्र असतो; पटले नाही तर निघून जाता येते. काचपेटीत जावयाचे कोठे?

घरातील दहा वर्षांच्या मुलीने हा डोमिनो वाढविला. कोलंबीचा बारीक तुकडा तिच्या बोटांतून घेण्यास तो शिकला होता. ती शाळेतून आली की काचेपाशी येऊन उभा राही. तिसऱ्या वर्षी तो मुलांच्या तळहाताएवढा झाला, कपाळावरचा पांढरा ठिपका पुसट झाला, आणि त्याच सुमारास घरात क्लाऊनची जोडी आली. पंधरवड्यात त्या जोडीतील मादीचे शेपूट कातरल्यासारखे झाले, कल्ल्याजवळ पांढरा ओरखडा उठला, आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाशी कोपऱ्यात तोंड करून राहू लागली. चार दिवस तिने अन्नास तोंड लावले नाही.

येथे आमची पहिली सूचना अशी की दोषी कोण हे ठरविण्यास घाई करू नये. पर फाटणे, कोपरा धरणे, अन्न टाकणे ही लक्षणे पाणी बिघडले तरी दिसतात. म्हणून प्रथम अमोनिया व नायट्राइट मोजावे. ही दोन्ही शून्य असली पाहिजेत. मग दिवे चालू असता अर्धा तास टाकीपासून सहा-सात फूट दूर बसून पाहावे, कारण माणूस काचेशी आला की मासे खाण्याच्या आशेने भांडण विसरतात. डिंडोलीच्या घरी आजीने ही पाहणी केली. तिच्या सांगण्याप्रमाणे डोमिनोने अर्ध्या तासात जोडीवर अकरा वेळा धाव घेतली. पाणी निर्दोष होते. संशयास जागा उरली नाही.

रविवारी वडील आणि त्यांचे बंधू जाळी घेऊन उभे राहिले. दीड तासाने टाकीतील वाळू ढवळून पाणी ताकासारखे झाले होते, दगडांची एक चळत कोसळली होती, दुसरी एक निरपराध मासोळी उडी मारून फरशीवर पडली होती (ती वाचली), आणि डोमिनो आपल्या कपारीत स्वस्थ होता. वाचकांपैकी ज्यांनी घरात शिरलेल्या उंदरामागे केरसुणी घेऊन धावून पाहिले आहे, त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही.

असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. माशाची स्मृती क्षणभर टिकते हा समज सर्वत्र आहे आणि तो सर्वस्वी खोटा आहे. ऑस्ट्रेलियातील इंद्रधनुषी नावाच्या लहान गोड्या पाण्यातील माशांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. सरकत येणाऱ्या जाळ्यातील एकुलते एक भोक शोधून निसटण्यास ते मासे थोड्याच खेपांत शिकले. आणि मध्यंतरी त्यांना ते जाळे न दाखविताही अकरा महिन्यांनी त्या भोकाची वाट त्यांना आठवत होती. तेव्हा टाकीतील मासा पहिल्या पाठलागात जे शिकतो ते पुढच्या पाठलागात वापरतो. जाळी पाण्यात जितक्या वेळा जाईल तितका तो अधिक हुशार होईल. शिवाय दगडांतील प्रत्येक भोक त्याच्या परिचयाचे, आणि माणसाचा हात मात्र पाण्यात जड. पाठलाग करावयाचाच असेल तर तो एकदाच करावा: एक मोठे जाळे कोपऱ्यात स्थिर धरून दुसऱ्या हाताने माशाला सावकाश तिकडे वळवावे. दहा मिनिटांत साधले नाही तर जाळी बाहेर काढून वाळत घालावी.

त्या रविवारी रात्री या घरी जी चर्चा झाली तीत तीन मते होती. काकांचे मत टाकी पूर्ण उपसावी असे होते. हा उपाय हमखास आहे, यात शंका नाही. पाणी चार बोटे उरले की मासा दगडात लपू शकत नाही आणि साधे भांडेही त्याला पुरते. पण त्यासाठी सगळे दगड बाहेर काढावे लागतात, पाणी स्वच्छ बादल्यांत साठवून पुन्हा भरावे लागते, आणि वाळूच्या तळाशी कुजलेली घाण एकदम वर आली तर अमोनिया वाढून उरलेले मासेही संकटात येतात. हे करण्यापूर्वी पंप आणि तापक यांचे खटके बंद करून तारा भिंतीतून उपटून ठेवाव्यात. कोरडा पडलेला तापक तडकतो, आणि खाऱ्या पाण्यात हात घालून विजेशी खेळ करणे जिवावर बेतते. उन्हाळ्याच्या दुपारी तर हे काम मुळीच हाती घेऊ नये. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि घाबरलेल्या माशाला तो अधिक लागतो.

शेजारच्या गृहस्थांनी गळ सुचविला. अगदी लहान गळ घ्यावा, त्याचा काटा पकडीने चेपून सपाट करावा, कोलंबी लावावी. पुष्कळ अनुभवी लोक हे करतात व ओठाची जखम लौकर भरून येते, हे खरे आहे. तथापि गळ भलत्याच माशाने गिळण्याचा संभव असतो. मुलीने हे ऐकताच जेवणाचे ताट सरकविले, असे आम्हांस कळले. तो उपाय तेथेच मागे पडला.

तिसरे मत वडिलांचे: रात्री धरावा. हे मत आम्हांस सर्वांत शहाणपणाचे वाटले. डॅमसेल जातीचे मासे रोज रात्री ठराविक कपारीतच निजतात. दिवे मालवून दोन तास गेल्यावर तांबड्या प्रकाशाच्या विजेरीने जागा पाहून ठेवावी, आणि दुसऱ्या रात्री तो दगडच माशासकट सावकाश उचलून बादलीत ठेवावा. भ्यालेला मासा बाहेर पळण्याऐवजी दगडातच अधिक आत शिरतो, हा त्याचा स्वभाव येथे आपल्या कामी येतो. पण डिंडोलीच्या डोमिनोची कपार तळातल्या सर्वांत मोठ्या सिमेंटच्या दगडात होती, आणि त्या दगडावर बाकीची सर्व रचना उभी होती.

(जाता जाता: टाकीत दगड कृत्रिम सच्छिद्र सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचेच असावेत. खडक बांधणारे प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून आहेत, तसेच समुद्रघोडेही. कोणी कितीही गोड बोलून ते देऊ केले तरी घेऊ नयेत.)

मग उरला सापळा. ज्यांनी डोल पाहिली आहे त्यांना यातील तत्त्व नवीन नाही. डोल बोंबलामागे धावत नाही. ती प्रवाहात तोंड उघडून उभी असते आणि भरती-ओहोटीचे पाणीच मासळीला आत आणते. पहिल्या पावसात चढणीच्या माशांसाठी शेताच्या बांधाशी बांबूचे सापळे लावतात, तेथेही माणूस घरी असतो आणि काम सापळा करतो. काचपेटीत प्रवाहाची जागा भूक घेते.

शीतपेयाची बाटली कापून, तिचे तोंड उलटे आत बसवून केलेला सापळा लहान माशांना चालतो. तळहाताएवढा मासा त्या तोंडातून जाणार नाही. म्हणून नावाच्या पाट्या करणाऱ्या एका कारागिराकडून वडिलांनी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घेतली: फूटभर लांब, सहा इंच रुंद, सहा इंच उंच. एका टोकास खाचांतून वर-खाली सरकणारे दार, दाराला तंगूस बांधलेला, आणि तंगुसाचे दुसरे टोक दहा फूट दूर खुर्चीपाशी. पाणी खेळावे म्हणून भोके पाडली ती फक्त पेटीच्या वरच्या अर्ध्या भागात. ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पेटी पाण्याबाहेर उचलली की खालच्या अर्ध्या भागात पाणी राहते आणि मासा क्षणभरही कोरडा पडत नाही.

जखमी मादीला प्रथम टाकीतच टांगलेल्या जाळीच्या परडीत ठेवले व तेथे तिला वेगळे अन्न दिले. ती दुबळी झाली होती, त्यामुळे तिला धरण्यास पेल्याहून अधिक काही लागले नाही. इतरांचे अन्न मात्र सोमवारपासून बंद. धडधाकट माशाला दोन-तीन दिवसांच्या उपवासाने काही होत नाही; त्यापुढे सापळ्याजवळ थोडे थोडे मिळत राहतेच.

पहिले दोन दिवस पेटी दार वर करून नुसती ठेवली होती. डोमिनोने तिच्यावर धडका मारल्या, मग दुर्लक्ष केले. बुधवारी पेटीच्या दाराबाहेर कोलंबीचा किस टाकला, गुरुवारी दाराच्या आत. आणि येथेच ती गोष्ट घडली जी प्रत्येक सापळ्यात घडते: ज्याला धरावयाचे तो सोडून बाकी सगळे आत गेले. क्लाऊन नर तर पेटीत मुक्कामासच आल्यासारखा वागू लागला. काकांनी दोनदा तंगूस ओढण्याची घाई केली व दोनदा भलताच मासा सोडून द्यावा लागला. प्रत्येक खेपेस दार पडण्याचा आवाज डोमिनो पाहत होता. आजीने मग तंगूस काकांकडून काढून घेतला आणि मुलीच्या हाती दिला.

मुलगी प्रथम तयार नव्हती. आपल्या बोटांतून खाणारा मासा आपणच कोंडावयाचा, हे तिला पटेना. आजीने तिला फार समजाविले नाही. परडीतली मादी दाखविली आणि तिच्याकडून दोन घास तीस भरविले. शुक्रवारी सायंकाळी मुलगी खुर्चीवर बसली. तिने कोलंबीचा तुकडा चिमट्याने पेटीच्या अगदी टोकाशी ठेवला, कारण तोंडाशी अन्न असले तर मासा घास घेऊन मागच्या मागे निघतो. डोमिनो डोके आत घालून गेला. पुन्हा आला, अर्धा आत. तिने दार पाडले नाही. शनिवारी तो दोनदा पूर्ण आत जाऊन बाहेर आला. तरी तिने दार पाडले नाही. रविवारी सकाळी तो आत गेला, टोकाशी पोचला, दाराकडे शेपूट करून खाऊ लागला, आणि तिने तंगूस सोडला. आठवड्यापूर्वी दोन कर्त्या पुरुषांना दीड तासात जे साधले नाही ते त्या पोरीने खुर्चीवरून न उठता केले. ती नंतर बराच वेळ बोलली नाही, असे तिच्या वडिलांनी सांगितले.

सापळ्यात जाण्यास जो फारच आढेवेढे घेतो, अशा भांडखोर माशासाठी आणखी एक युक्ती आहे. पेटीच्या बंद टोकासमोर टाकीच्या बाहेरून आरसा लावावा. आपलेच प्रतिबिंब पाहून तो परका शिरला असे समजतो व अन्नाची पर्वा न करता आत धाव घेतो.

मासा हाती आल्यावरही सावधपण हवे. शक्यतो जाळीपेक्षा पाण्यात बुडविलेले पारदर्शक भांडे वापरावे. एंजल माशाच्या गालावरील काटा जाळीत अडकतो आणि सोडविताना मासा जायबंदी होतो. सर्जन माशाच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस वस्तऱ्यासारखा काटा असतो. तो बोट सहज चिरतो. सिंहमाशाचे तर पाठीवरचे काटे विषारीच असतात. असा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सियसच्या, हात अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवावा. ते विष उष्णतेने निकामी होते. मात्र त्याबरोबरच डॉक्टरांना गाठावे. घरी लहान मुले असताना हा मासा पाळण्याचे प्रयोजन आम्हांस कधीच उमगले नाही.

राहिला प्रश्न, धरलेल्या माशाचे करावयाचे काय? डिंडोलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमुखाने सांगितले: तापीत सोडा, पुण्य लागेल. हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी तो माशाला ठार करणारा आहे. समुद्रमाशाच्या शरीरातील द्रव समुद्राहून कमी खारट पण गोड्या पाण्याहून अधिक खारट असतो. गोड्या पाण्यात टाकले की पाणी त्याच्या अंगात शिरतच राहते आणि तो तडफडून मरतो. मग डुमसला समुद्रात सोडावा? तेथे त्याला ना स्वच्छ पाणी, ना प्रवाळाचा आसरा. आणि टाकीतील रोग मात्र तो बरोबर नेणार. कधी कधी तर याहून विपरीत घडते, सोडलेला मासा मरतच नाही. आपल्या बाजूच्या समुद्रांतील सिंहमासा अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याशी १९८५ साली प्रथम आढळला. हौशी लोकांनी टाक्यांतून सोडलेल्या माशांपासून हे झाले असे मानले जाते. तेथे त्याला ओळखणारा शत्रू नाही, आणि एक मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते. आज अटलांटिकचा तो किनारा, कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात येथील लहान मासे तो फस्त करीत आहे. आपल्याकडे टाकीची काच चाटणारा सकर मासा असाच हौसेने नदी-तलावांत सोडला गेला, आणि जाळी फाडणारा हा पाहुणा आता कित्येक ठिकाणच्या मच्छीमारांच्या डोक्यास ताप झाला आहे.

मासा काढण्यापूर्वीच त्याची जागा ठरवावी, हे म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो. या घरच्या वडिलांनी शहरातील एका दुकानदाराशी आधी बोलून ठेवले होते. रविवारी उन्हे चढण्याच्या आत डोमिनोला टाकीच्याच पाण्याने एक तृतीयांश भरलेल्या व उरलेली हवा असलेल्या दुहेरी पिशवीत घालून, थर्मोकोलच्या डब्यात ठेवून, नेण्यात आले. पिशवी दुकानाच्या टाकीत तरंगत ठेवून तेथील पाणी तीत हळूहळू मिसळले. खारटपणात फरक असेल तर हे काम तासभर चालावे. दुकानदाराने मोबदल्यात काही दिले नाही आणि वडिलांनी मागितलेही नाही. त्या टाकीत सध्या ट्रिगर जातीचा एक दणकट मासा आहे, त्याच्यापुढे डोमिनो बराच नमून वागतो असे समजते. मुलगी शनिवारी त्याला पाहून येते.

क्लाऊन मादी परडीतून नवव्या दिवशी सोडली. सोडण्यापूर्वी वरचे दगड हलवून रचना बदलली, म्हणजे राहिलेल्या माशांतही कोणाचा जुना हक्क शिल्लक राहत नाही. तिच्या शेपटीची नवी कड पारदर्शक दिसू लागली आहे. आता रिकाम्या जागी नवा मासा आणण्याची मुलांना घाई झाली आहे. महिनाभर थांबावे, आणि आणावयाचा तो मासा प्रौढपणी केवढा होतो हे दुकानदारास विचारून मगच आणावा; शक्य तर मंडपम् व विळिंजम् येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जशी क्लाऊनची पैदास साधली आहे, तशा टाकीतच जन्मलेल्या वाणाचा घ्यावा, असे आम्ही त्यांस कळविले आहे.